फोन लागला पाहिजे: सीमाभागातल्या एका पत्राचं प्रकरण

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तानची लढाई चालू असताना आमच्या गावाने दिल्लीला लिहिलेलं पत्र शेवटी अर्ध्या पानाचं झालं. पहिला मसुदा साडेतीन पानांचा होता आणि तो माझाच होता, हे आधीच कबूल करतो. साडेतीन पानांचं अर्धं पान कसं झालं, त्यातून काय गळालं, काय उरलं आणि सही कोणी केली नाही, एवढीच या प्रकरणाची व्याप्ती आहे.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यापासून थोडं आत. हिंडलगा, सुळगा मागे टाकून पुढे गेलं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. आमची पोरं चहा प्यायला राज्य ओलांडतात. भात, रताळी, थोडा काजू, आणि घरटी नाही तरी गल्लीत एखादा फौजी असतोच. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. रेजिमेंटचा इतिहास 1768 पासूनचा. गावात त्याला नुसतं ‘सेंटर’ म्हणतात. भरतीसाठी पळणारी पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात, तेव्हा म्हशी घेऊन निघालेले लोक बाजूला होतात. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही; सह्या करणाऱ्यांशी तसं ठरलं आहे. मी इथल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून लेखनिकपणही माझ्याच गळ्यात पडलं.

बाहेर काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात 26 माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले 6 होते, कर्नाटकातलेही होते. आम्ही दोन्हीकडचे पेपर वाचतो, त्यामुळे ते फोटो आमच्याकडे दोनदा आले. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि अटारीची चौकी बंद केली. 24 तारखेला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि सिमला करारासह सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे असं जाहीर केलं. 7 मेच्या पहाटे भारताने 9 ठिकाणांवर हल्ले केले. त्याच दिवशी पूंछमध्ये तोफगोळे पडले आणि घरात बसलेली माणसं मेली.

8 मे, गुरुवार. संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर दहा-बारा जण जमले. कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, आपण काहीतरी लिहून दिल्लीला पाठवलं पाहिजे. मला ते पटलं. रात्री बसून लिहून काढलं.

पहिला मसुदा

त्यात बुद्ध होता, गांधी होते, हिरोशिमा होतं, संतांची दोन वचनं होती. ‘उभय राष्ट्रांनी संयम बाळगून संवादाचा मार्ग अनुसरावा आणि तातडीने युद्धबंदी जाहीर करावी’ असं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यावर मी खूश होतो.

शुक्रवारी सकाळी ते वाचून दाखवलं. ऐकायला एक बाई होत्या. गाव त्यांना आक्का म्हणतं. त्यांचा धाकटा जम्मूच्या बाजूला होता. तीन दिवस त्याचा फोन नव्हता. त्या पायरीवर बसून ऐकत होत्या. ‘युद्धबंदी’ म्हटल्याबरोबर दचकून म्हणाल्या, “कोण बंदी झाला वो गुर्जी?”

मराठीच्या मास्तराला हे कळायला नको होतं का? युद्धबंदी म्हणजे थांबलेलं युद्ध आणि युद्धबंदी म्हणजे शत्रूच्या हाती सापडलेला जवान. पेपरवाले दोन्ही अर्थांनी लिहितात आणि आपण संदर्भावरून ओळखतो. आक्कांना ऐकू आला तो दुसरा अर्थ. मी शब्द खोडला आणि ‘शस्त्रसंधी’ लिहिला. तो त्यांना कळला नाही. शेवटी पत्रात ‘गोळीबार थांबवावा’ असं गेलं.

मग त्या जे बोलल्या त्याने मसुदा मोडला. “माझ्या लेकाला माघारी बोलवा आसं काय लिवू नका. तो काय पळून येणाऱ्यातला न्हाई, त्याला कमीपणा येईल. वरच्यांनी एकमेकाला फोन लावावा, एवढंच लिवा. माझा फोन लागत न्हाई ते चालतंय. त्यांचा लागला पाहिजे.”

‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. ते सांगणारा माणूस त्यांच्या मागेच उभा होता.

सुभेदारमामा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून पाठ ताठ. त्यांनी माझी साडेतीन पानं हातात घेतली, चाळली आणि परत दिली. “गुर्जी, हे साहित्य संमेलनाला चालेल. संवाद संमेलनात होतो. सीमेवर बोलणी होतात.” मला राग आला, पण ते बरोबर होते. ‘संवाद’ हा शब्द आपल्याकडे इतका मऊ झाला आहे की कोणीही तो मागावा आणि कोणीही तो देतो म्हणावं. बोलणी म्हटलं की पुढचे प्रश्न येतात: कोणाची, कोणत्या लाइनवर, कोणत्या वारी.

वारसुद्धा ठरलेला आहे. दोन्ही सैन्यांचे लष्करी कारवाई महासंचालक, म्हणजे डीजीएमओ, यांच्यामध्ये 1971 च्या युद्धानंतर सुरू झालेली हॉटलाइन आहे आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी साधारण दर मंगळवारी तिच्यावर बोलतात. कोणाच्या पोस्टवरून गोळी आली, कोणाचं गुरं चारणारं पोर चुकून पलीकडे गेलं, अशा गोष्टी. कट्ट्यावरच्या बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं. मलाही मंगळवारचं ठाऊक नव्हतं.

बोलून काय मिळालं

या प्रश्नाला बगल देऊन कुठलंही आवाहन लिहिता येत नाही, आणि पहिल्या मसुद्यात मी ती दिली होती. प्रश्न विचारला आमच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याने, चिडून. “फेब्रुवारी 1999 ला वाजपेयी बसने लाहोरला गेले. त्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. 2015 च्या नाताळात मोदी लाहोरला उतरले. आठवड्यात पठाणकोट झालं. आता कशाला बोलायचं? काय बोलूलालाय तुम्ही?”

तारखा त्याच्या चोख होत्या. कोणीच पटकन उत्तर दिलं नाही, आणि बरं झालं दिलं नाही.

उत्तर सुभेदारमामांच्या बोलण्यातून आलं, तेही वादात नाही, आठवणीत. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर गेलं, त्यात तेही राजस्थानात होते. ऑपरेशन पराक्रम. दहा महिने. शेतकऱ्यांच्या शेतात सुरुंग पेरले. “पेरताना नकाशा असतो. वारा आला की वाळू सरकते, मग नकाशा कागदावर राहतो.” लढाई झाली नाही, तरी सुरुंगांनी आणि अपघातांनी शेकडो जवान गेले. 14 मे 2002 ला जम्मूजवळ काळूचकला दहशतवादी लष्कराच्या वसाहतीत शिरले, जवानांच्या बायकापोरांना मारलं; त्यानंतरचे तीन आठवडे युद्ध आज होतंय की उद्या अशा अवस्थेत गेले. 16 ऑक्टोबरला सैन्य मागे घ्यायचं ठरलं. “घरी आलो तर आईनं विचारलं, लढाई कधी झाली? मी म्हटलं, झालीच नाही. मग म्हणाली, शेजारच्या गावचा कसा गेला?”

मग ते 2003 वर आले. त्या वर्षी 25 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबला. ईदचा दिवस होता. मामा तेव्हा रेषेवरच्या एका पोस्टवर होते. सकाळी लंगरचा चहा त्यांनी बंकरच्या बाहेर, उन्हात बसून प्यायला. पुढे ती शांतता बऱ्याचदा मोडली, हे त्यांनीच सांगितलं. फेब्रुवारी 2021 मध्ये दोन्ही डीजीएमओंनी हॉटलाइनवरच बोलून ती पुन्हा पक्की केली.

त्या रात्री मी घरी येऊन जुनी कात्रणं काढली (मास्तरांना कात्रणं ठेवायची खोड असते, घरचे वैतागतात). त्यात एक गोष्ट सापडली ती दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला दाखवली. भारत आणि पाकिस्तानमध्ये 31 डिसेंबर 1988 ला एक करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर 1 जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी दुसऱ्याला देतात. 1992 पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आता 1 जानेवारी 2002 बघा. लाखो सैनिक समोरासमोर. त्याच दिवसापासून समझौता एक्स्प्रेस बंद, दिल्ली-लाहोर बस बंद, विमानं बंद. आणि त्याच दिवशी याद्या दिल्या-घेतल्या गेल्या.

लाहोरची बस आणि ही यादी, दोन्हीला आपण ‘चर्चा’ म्हणतो, तिथे घोटाळा होतो. बस म्हणजे भेट. भेट विश्वासावर चालते, फसली की माणूस हसं होतो आणि पुढच्या वेळी जात नाही. यादी आणि मंगळवारचा फोन यांना विश्वास लागतच नाही. विश्वास नाही म्हणून तर ते असतात. ट्रॅक्टरवाल्याचा राग भेटीवर होता आणि तो खोटा नव्हता. आक्का मागत होत्या ती लाइन.

लाइन नसली तर काय होईल याचं उदाहरण मी पत्रात घालायला निघालो होतो, ते मामांनी काढायला लावलं, पण इथे देतो. 9 मार्च 2022 ला भारताचं एक क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कोणी मेलं नाही. भारताचं खेद व्यक्त करणारं निवेदन 11 तारखेला आलं; पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या 3 अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. शांततेच्या दिवसांत दोन दिवस निभावून गेले. तेच क्षेपणास्त्र 9 मे 2025 ला सुटलं असतं तर? मामा म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे, पण आपल्याच फौजेची चूक आपण सरकारला कशाला शिकवायची?” काढलं. माझ्या मते ते पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य ठरलं असतं.

टीव्ही आणि गोकाक

शुक्रवारी आयपीएल थांबवली. लखनौला आरसीबीची मॅच होती, आमच्या पोरांचा जीव आरसीबीत. खरं सांगायचं तर गावातल्या तरुणांना परिस्थिती गंभीर आहे हे त्या बातमीने पटलं. आदल्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं होतं. चौकात फटाके लावायची तयारी झाली. सकाळी बंदर जागच्या जागी होतं.

आमच्या जिल्ह्यात अफवेला स्वतःचं पाणी मिळालं. सरकारच्या पत्रकार परिषदांत बोलणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातलं, त्यामुळे बेळगावला त्यांचं कौतुक घरच्यासारखं. आणि लगेच काही दिवसांत त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरली. हल्लाबिल्ला काही झाला नव्हता. जिल्हा पोलिसांनी ते खोटं असल्याचं जाहीर केलं आणि गुन्हा नोंदवला. पण खुलासा पोचेपर्यंत आमच्या गल्लीत दोन घरांनी दारं लवकर लावून घेतली होती.

त्यांतलं एक घर वाचनालयासमोरच्या टेलरचाचांचं. पंचवीस वर्षं शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. पत्राची कल्पना निघाली तेव्हा कट्ट्यावर ते होते, मान हलवत होते. सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “गुर्जी, माझी सही नको. माझ्या नावानं तुमचं पत्र बिघडेल. म्हणतील, बघा कोण बोलणी करा म्हणतंय.” आम्ही आग्रह केला नाही. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्र त्यांच्याच टेबलावर, कात्री आणि खडू बाजूला सारून, शेवटचं लिहून काढलं, हेही तितकंच खरं.

आपला तंटा मध्ये आणायचा की नाही

सीमाभागातलं प्रकरण म्हटल्यावर हे येणारच होतं. कॉलेजातल्या मुलाने लिहून आणलं होतं की दोन सरकारं एकमेकांशी बोलायची थांबली की काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. 1956 पासून आम्ही तेच भोगतो. दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद झाली. दिल्लीत 14 डिसेंबरला दोन्ही मुख्यमंत्री केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर बसले, दोन्हीकडचे 3-3 मंत्री नेमायचं ठरलं. आणि पुन्हा 2025 च्या फेब्रुवारीत, मराठी-कन्नड वादातून कंडक्टरला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणावरून काही दिवस बस बंद. आजारी माणसाला बेळगावहून कोल्हापूरला न्यायचं तर निपाणीपुढे गाडी बदला.

मामांनी कागद टेबलावर आपटला. “दोन राज्यांचा तंटा आणि दोन देशांची लढाई एका तराजूत घालू नकोस. कन्नड माणूस माझा शत्रू न्हवं. माझ्या सेक्शनमध्ये होता तो.”

मुलगाही मागे हटेना. त्याचं म्हणणं, तुलना भांडणाची नाही, बस बंद होण्याची आहे. मला दोघांचंही पटत होतं. पण निर्णयाला दुसरंच कारण मिळालं. कोणीतरी हळूच म्हणालं, आपल्यावर आधीच शिक्का आहे. 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो. त्यात हे पत्र गेलं तर म्हणतील, हे इथलेही नाहीत आणि तिथलेही नाहीत. तो परिच्छेद निघाला. भीतीने निघाला, तत्त्वाने नाही, याची नोंद राहू द्या.

मात्र त्या भांडणातून एक चांगली गोष्ट झाली: पत्र नुसतं मराठीत राहू नये असं ठरलं. गावात कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यांना आम्ही पहिले तीन दिवस विचारलंच नव्हतं. हे आमचं सगळ्यात मोठं चुकलं. देशाच्या सीमेबद्दल पत्र लिहायचं आणि पलीकडच्या गल्लीला वगळायचं! निवृत्त पोस्टमास्तर अण्णांकडे गेलो. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “ऊट बल्लवनिगे रोगविल्ला, मातु बल्लवनिगे जगळविल्ला. जेवायचं कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कळतं त्याला भांडण नाही. पण हे पत्रात घालू नका. म्हण घातली की अधिकारी वाचत नाही, तीस वर्षं टपाल बघितलंय मी.” भाषांतर त्यांनी एका बैठकीत केलं. शस्त्रसंधीला कन्नडमध्ये ‘कदन विराम’ म्हणतात, कन्नड पेपरांत रोज येतो तो शब्द. ऐकणाऱ्याच्या मनात बंदी झालेला जवान येत नाही. मराठीपेक्षा इथे कन्नड सरस, हे मास्तर असून मान्य करतो. बोलण्यांना त्यांचा शब्द ‘मातुकते’.

शनिवार, 10 मे

सह्या संध्याकाळी 6 वाजता करायच्या होत्या. साडेपाचला पोरं मोबाइल घेऊन धावत आली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी गोळीबार थांबल्याचं आधी जाहीर केलं. मग आपले परराष्ट्र सचिव आले आणि म्हणाले, दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी आपल्या डीजीएमओंना फोन केला, 5 वाजल्यापासून जमीन, हवा आणि समुद्रावरची कारवाई थांबवायचं ठरलं, 12 तारखेला दोघं पुन्हा बोलतील.

कट्ट्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आक्का एवढंच म्हणाल्या, “लागला म्हणायचा फोन.”

आता पत्राची गरज काय, असं निम्मे म्हणाले. काही निघूनही गेले. ट्रॅक्टरवाल्याला हे मध्येच थांबणं मान्य नव्हतं. तो म्हणाला, अजून दोन दिवस चाललं पाहिजे होतं. त्याच्याशी कोणी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी देशभर अनेकांना तसंच वाटत होतं. रात्री पुन्हा ड्रोन दिसल्याच्या, गोळीबाराच्या बातम्या आल्या. रविवारी सकाळी मामा स्वतःहून वाचनालयात आले आणि म्हणाले, लिहा आता.

जे गेलं ते असं होतं:

‘पहलगाम इथे 26 निरपराध माणसांना मारणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे. ती कशी द्यायची हे सरकारने आणि सैन्याने ठरवावं. त्यात आम्ही सल्ला देत नाही. आमच्या गावचे जवान सीमेवर आहेत, ते आपलं काम करतील. आमचं मागणं एवढंच आहे. दोन्हीकडच्या डीजीएमओंमधला फोन कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी चालू राहावा. 1 जानेवारी आणि 1 जुलैला द्यायच्या याद्या चुकू नयेत. गोळीबार थांबला आहे, तो थांबलेला राहावा म्हणून अधिकाऱ्यांची बोलणी तुटू नयेत.’

खाली 17 सह्या, त्यांत 4 कन्नडमध्ये. आक्कांनी आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं. ट्रॅक्टरवाल्याने सही केली, हे मला अजून नवल वाटतं, तो म्हणाला, “यात काय चुकीचं हाय? हे तर पाहिजेच.” पहिल्या मसुद्यावर त्याने कधीच केली नसती. ज्याला बदला हवा आहे तोही ज्यावर सही करेल, एवढं अरुंद मागणं आम्हाला सापडलं, आणि तेवढंच सापडलं. कॉलेजातल्या मुलाच्या मते आम्ही पत्राचा प्राण काढून घेतला. ‘शांतता’ हा शब्द त्यात एकदाही नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. सही त्यानेही केली.

12 मेला बुद्ध पौर्णिमा. टपाल बंद. त्याच दिवशी ते दोन अधिकारी पुन्हा फोनवर बोलले. आमचं पत्र मंगळवारी रजिस्टर केलं. वार मुद्दाम निवडला नव्हता. बुधवारी बातमी आली की 23 एप्रिलला चुकून हद्द ओलांडलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान अटारीवरून परत आला. आक्कांचा धाकटा त्याच आठवड्यात फोनवर आला. काय बोलला विचारलं तर म्हणाल्या, “पाऊस पडला का म्हणून विचारलं.” वळीव चांगला झाला होता, धूळवाफेची गडबड सुरू होती.

पावसाळ्यात

दिल्लीहून उत्तर आलं नाही आणि पत्राने काही घडलं असा दावा करण्याइतके आम्ही भोळे नाही. 10 मेचा फोन आमचं पत्र लिहून होण्याआधीच लागला होता.

1 जुलैची वाट मात्र पाहिली. तुरुंगांत असलेल्या एकमेकांच्या नागरिकांची आणि मच्छीमारांची यादी वर्षातून दोनदा द्यायची, हा 2008 चा करार. मे महिन्यात क्षेपणास्त्रं एकमेकांवर सोडलेल्या दोन सरकारांनी 1 जुलैला याद्या दिल्या: भारताने 382 नागरी कैदी आणि 81 मच्छीमार, पाकिस्तानने 53 नागरी कैदी आणि 193 मच्छीमार. मी ती बातमी कापून मामांकडे नेली. त्यांनी मच्छीमारांचा आकडा पुन्हा वाचला. “193 जणांच्या घरी हे आज वाचत असतील,” म्हणाले, आणि कात्रण खिशात घातलं. परत दिलेलं नाही.

भांडण राहिलं आहे ते पाण्याचं. जलकराराबद्दल एक ओळ मुलाने आधीच सुचवली होती आणि मामांनी ती कापली होती. करार स्थगित ठेवणं त्यांना योग्यच वाटतं, रक्त सांडल्यावर पाणी फुकट का द्यायचं, असं ते म्हणतात. मुलाचं आजोळ चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. 2019 च्या पुरात रात्रभर त्याचे मामा कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती चाललंय ते फोनवर विचारत बसले होते. दोन राज्यांच्या अभियंत्यांनी एकमेकांना आकडे सांगितले तर खालचं गाव दोन तास आधी उठतं. ऑगस्टच्या शेवटी तावी नदीला पूर आला. भारताने पाकिस्तानला सूचना दिली, पण सिंधू आयोगाच्या वाटेने नाही. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकी म्हणून दिली. मुलगा बातमी घेऊन आला: बघा, लाइन बंद केली तरी पाणी सांगावंच लागलं. मामा म्हणाले: बघ, करार नसतानाही आपण सांगितलं.

दुसरं पत्र लिहायचं का, त्यात पाण्याची ओळ घालायची का, टेलरचाचांना पुन्हा विचारायचं का, यावर बसायचं आहे. आठवडाभर तारीख जमेना. सार्वजनिक मंडपाचं काम वाचनालयाच्या अंगणातच चालू होतं आणि खुर्च्या त्यांनीच नेल्या होत्या. गौरी-गणपती उरकले की बसू, असं मामांनी सांगून ठेवलं आहे.